हैबतबाबा आणि आपला सातपुडा

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, तर ह्या अंकात हैबतबाबांची आठवण झालीच पाहिजे. बाबा साताऱ्याकडच्या आरफळ गावचे, पण त्यांच्या जन्माला वळण लागलं ते आपल्या सातपुड्यात. चोपडा, यावल, रावेरच्या शेतातून उत्तरेला दिसतो तोच हा डोंगर.

हैबतराव ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. तलवारीचा माणूस, तसाच भजनाचा नादी. एकदा कमाई घेऊन गावाकडे निघाले. वाटेत सातपुड्यात भिल्लांनी धरलं, गुहेत कोंडलं आणि तोंडाशी शिळा लावली. धन गेलं, पण पाठ असलेला हरिपाठ कोण काढून घेणार? टाळ नाही, मृदंग नाही, मागे म्हणायला माणूस नाही. बाबांनी हरिपाठ लावला. परंपरेने सांगतात की एकविसाव्या दिवशी भिल्लांच्या नायकाला मुलगा झाला. हे ह्याच्याच भजनाचं फळ, असं समजून त्याने शिळा काढली आणि धनासकट बाबांना सोडलं. आम्ही कीर्तनकार 'लुटारू भिल्ल' म्हणतो अन् पुढे जातो. मला ते बरं वाटत नाही. हाती आलेलं धन परत देणं सोपं असतं का?

बाबा मग आळंदीचेच झाले. रात्र रात्र माउलींच्या समाधीपुढे उभं राहून भजन करायचे. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराजांनी 1685 मध्ये पालखी सुरू केली होती, तीत माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एकत्र असत. 1832 साली बाबांनी माउलींचा सोहळा वेगळा काढला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू दिले. खंडोजीबाबा वासकरांसारखी मंडळी साथीला आली. अंकलीचे घोडे अजून येतात.

इथे बाबांची शिपाईगिरी कामाला आली. रथापुढे किती दिंड्या, मागे किती, सगळ्यांना नंबर. कोणत्या वेळेला कोणतं भजन, तेही ठरलेलं. संध्याकाळी तळावर समाजआरती असते. चोपदार दंड वर करतो, 'होऽऽ' म्हणतो, की लाखो माणूस गप्प. ज्या दिंडीची तक्रार असेल तिने तेवढं टाळ वाजवत राहायचं. तिचं ऐकून घेतात, निवाडा होतो, मग आरती. कोर्ट नाही, कागद नाही.

आपल्या दिंडीत आता ट्रॅक्टरवर भोंगा आला. पोरं हरिपाठ मोबाइलात बघून म्हणतात. म्हणतात हेच खूप, पण माउली, त्या गुहेत दिवासुद्धा नव्हता.

बाबांची समाधी आळंदीला महाद्वाराच्या पायरीशी आहे. कार्तिकीचा सोहळा त्या पायरीच्या पूजेने सुरू होतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पोरवयात होतो, दर्शनाच्या घाईत पायरीकडे न बघता तसाच आत शिरलो. आमच्या विणेकरीबुवांनी दंड धरून मला बाहेर आणलं आणि आधी तिथे डोकं टेकायला लावलं.