जेन क्रॉफर्डचा निर्णय

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह यांचेंच स्मरण होतें. आजचा प्रसंग मात्र एका डॉक्टराच्या घरांत घडला. मी वैद्य नव्हें; जन्मभर शाळेंत इतिहास शिकविला, एवढाच माझा अधिकार.

अमेरिकेंतील केंटकी प्रांतीं जेन टॉड क्रॉफर्ड नांवाची पंचेचाळिशीच्या सुमाराची स्त्री राहत होती. १८०९ सालीं तिचें पोट वाढूं लागलें व तिला जुळें होणार असें सर्वांनीं मानलें. दिवस भरले तरी प्रसूति होईना, म्हणून डिसेंबरांत डॉ. एफ्रेम मॅकडॉवेल यांस पाचारण झालें. हा गर्भ नसून अंडाशयाची गांठ आहे, असें त्यांनीं निदान केलें.

त्या काळीं उदर उघडणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण, अशी धन्वंतरींचीहि समजूत होती. मॅकडॉवेल यांनीं रुग्णापासून कांहींच लपविलें नाहीं. अशी शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचें आपल्या ऐकिवांत नाहीं, हा केवळ प्रयोग होय. डॅनव्हिलला आल्यास तो करीन, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. ती बाई घोड्यावर बसून सुमारें ६० मैल गेली. भूल देण्याची विद्या अद्याप जन्मली नव्हती. ती स्तोत्रें म्हणत राहिली. २५ मिनिटांत साडेबावीस पौंडांची गांठ निघाली. पांचव्या दिवशीं ती स्वतः अंथरूण आवरतांना डॉक्टरांस दिसली, २५ दिवसांनीं घरीं परतली आणि पुढें ३० वर्षांहून अधिक जगली.

परंतु इतिहास सांगणाऱ्यानें येथेंच थांबूं नये. मॅकडॉवेल यांनीं प्रसिद्ध केलेल्या पहिल्या पांच रुग्णांपैकीं चार गुलाम कृष्णवर्णी स्त्रिया होत्या. कायद्यानें त्यांचें शरीर मालकाचें. त्यांची संमति घेण्याचें बंधन कोणावरहि नव्हतें. जेनचें धैर्य ग्रंथांत आलें, त्यांच्या वेदनांस मात्र नांवहि लाभलें नाहीं.

पुढें १८४६ सालीं ईथरनें वेदना हरल्या आणि १८६७ पासून लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीनें जखमा शुद्ध राहूं लागल्या. १९२१ सालीं अमेरिकन डॉक्टर जॉन सॅम्प्सन यांनीं जुन्या रक्तानें भरलेल्या 'चॉकलेटी' गांठींचें वर्णन केलें. गर्भाशयाच्या अस्तरासारखें ऊतक बाहेर वाढतें, त्या विकारास आज एंडोमेट्रिऑसिस म्हणतात.

आतां दुर्बिणीनें, लहानशा छेदांतून शस्त्रक्रिया होते. तरीहि निर्णय सोपा झालेला नाहीं. पुष्कळ साध्या गांठी कांहीं महिन्यांत आपोआप विरतात, त्यांस शस्त्र लावण्याचें कारण नसतें. एंडोमेट्रिऑसिसची गांठ काढल्यानें वेदना कमी होऊं शकतात, पण विकार पुन्हां उद्भवूं शकतो. शिवाय अंडाशयांतील बीजांचा सांठाहि घटूं शकतो. म्हणून थांबल्यास काय होईल, अंडाशय वांचेल काय, अपत्याची आशा राहील काय, हें आधींच विचारून घ्यावें.

आपल्या घरांतून हे प्रश्न पति विचारतो, सासू विचारते. जिच्या पोटांत कळ येते ती दाराआड उभी असते. डॉक्टरांनीं सत्य सांगावें, आप्तांनीं आधार द्यावा आणि होकार वा नकार तिनेंच द्यावा. जेनला तो अधिकार मिळाला, त्या चौघींना मिळाला नाहीं. आपल्या लेकीसुना कोणाच्या पंक्तींत बसाव्यात, हें आपणच ठरवावयाचें आहे.