एका डोंगराच्या दोन सायकली

थ्रेड : डाउनहिल सायकल आधीच घरात असलेला माणूस दुसरी, ट्रेलसाठीची सायकल घ्यायला निघतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा आकड्यांचा असतो. सस्पेन्शन १३० मिलीमीटरचे घ्यावे की १७०? प्रश्न आजचा वाटतो, पण त्याचे मूळ सुमारे पन्नास वर्षांमागे आहे. मुळात सायकल एकच होती. तिच्या दोन कशा झाल्या आणि त्या वाटणीत उताराच्या सायकलीने काय सोडून दिले, हे समजले की दुसरीची निवड बरीच सोपी होते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे, आणि तिथे माउंट टॅमलपाइस नावाचा डोंगर. १९७०च्या दशकात तिथले काही तरुण भंगारातून १९३०-४०च्या काळातल्या जाडजूड टायरच्या श्विन सायकली उचलून आणत आणि त्या डोंगरावरून खाली सोडत. या धुडांना ते ‘क्लंकर’ म्हणत. चढावर त्या ओढणे म्हणजे शिक्षाच. त्यामुळे कुणाच्या तरी पिकअप ट्रकमध्ये टाकून त्या माथ्यावर न्यायच्या, हा सरळ उपाय होता.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या अग्निशमन रस्त्यावर यांची पहिली शर्यत झाली. अंतर सुमारे ३.४ किलोमीटर, उतार जवळजवळ ४०० मीटर. चार्ली केली आयोजक. उलटे पायडल मारून लागणारा मागचा ब्रेक इतका तापे की चाकाच्या हबमधले ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत याला ‘रीपॅक’ करणे म्हणतात. रस्त्याचे आणि शर्यतीचे नावही तेच पडले. गॅरी फिशरने नोंदवलेला विक्रम ४ मिनिटे २२ सेकंदांचा होता, म्हणजे ताशी सरासरी ४५ किलोमीटरांहून अधिक, तेही त्या ब्रेकांवर!

माउंटन बाइकचा जन्म असा उतारावर झाला, हे खरेच. पण तिला सायकल केले ते चढाने. १ डिसेंबर १९७४ रोजी मरीनमधल्याच मिल व्हॅली येथे एक सायक्लोक्रॉस शर्यत झाली. दक्षिणेकडच्या क्युपर्टिनोहून आलेल्या काही स्वारांच्या जाड टायरच्या सायकलींना गिअर बसवलेले होते. मरीनच्या मंडळींनी ते पाहिले. त्याच सुमारास फिशरनेही आपल्या जुन्या श्विनला गिअर लावले. आता ट्रकची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. स्वतःच्या पायांवर वर जायचे आणि स्वतःच्या जोखमीवर खाली यायचे. ट्रेल सायकलीची व्याख्या आजही याहून फारशी वेगळी नाही.

पुढचा टप्पा वेगाने आला. जो ब्रीझने १९७७-७८ मध्ये खास याच कामासाठी नव्या नळ्यांची चौकट बांधली. त्याची पहिली ‘ब्रीझर’ आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिचीच्या चौकटी विकण्यासाठी ‘माउंटनबाइक्स’ नावाची कंपनी काढली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची ‘स्टम्पजंपर’ कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली आणि मूठभरांचा छंद दुकानात पोहोचला.

या सुरुवातीच्या सायकलींचा एक दोष मात्र जाचक होता. चढताना सीट उंच हवी, म्हणजे पाय पूर्ण ताणून जोर लावता येतो. उतरताना तीच सीट खाली हवी, नाहीतर ती पोटात रुतते आणि स्वाराला पुढे फेकते. ब्रीझने एका साथीदारासह १९८४ मध्ये ‘हाइट-राइट’ नावाची साधी स्प्रिंग बाजारात आणली. सीटची पकड सैल करून अंगाचा भार दिला की सीट खाली जाई, भार काढला की स्प्रिंग ती वर आणी. चढ आणि उतार एकाच सायकलीवर नांदू शकतील, हा विश्वास त्या स्प्रिंगमागे होता. तो खरा ठरायला पाव शतक लागले. मधल्या काळात घर फुटले.

सप्टेंबर १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली, तेव्हा फूट अजून पडलेली नव्हती. क्रॉस-कंट्री आणि डाउनहिल या शर्यती वेगळ्या होत्या, पण स्वार आणि सायकली बऱ्याच अंशी त्याच. जुली फुर्टाडो हिने तिथे क्रॉस-कंट्रीचे विजेतेपद मिळवले आणि १९९२ मध्ये डाउनहिलचे! जॉन टोमॅक १९९१ मध्ये क्रॉस-कंट्रीत जगज्जेता झाला आणि त्याच स्पर्धेत डाउनहिलमध्ये दुसरा आला. आज अशी जोडी कल्पनेत तरी बसते का?

पॉल टर्नरने रॉकशॉक्सचा हवा-तेलाचा पुढचा चिमटा १९८९ मध्ये बाजारात आणला होता. पहिला चिमटा जेमतेम पाच सेंटिमीटर दबे. पण एकदा चाक दबू लागले, की ते आणखी का दबू नये, हा प्रश्न थांबवणार कोण? १९९३ मध्ये डाउनहिलची स्वतंत्र विश्वचषक मालिका सुरू झाली. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्रीला प्रवेश मिळाला, डाउनहिलला आजवर नाही. एका शाखेला हलकेपणाचे वेड लागले, दुसरीला खोल सस्पेन्शनचे. दहा वर्षांत दोघींची ओळख पुसली गेली.

उताराच्या शाखेला खरे अभय दिले ते स्की-लिफ्टने. कॅनडातील व्हिसलर येथे १९९९ मध्ये सायकल पार्क सुरू झाला. हिवाळ्यात स्कीवाल्यांना वर नेणारे पाळणे उन्हाळ्यात सायकली नेऊ लागले. मरीनचा तो पिकअप ट्रक जणू तारेवर चढला! चढण्याची जबाबदारीच काढून घेतल्यावर आरेखनकारांचे हात मोकळे झाले. दोन्ही चाकांना २०० मिलीमीटरचे सस्पेन्शन. डोक्याच्या नळीवर आणि खाली असा दुहेरी बांधलेला चिमटा. पुढचे चाक लांब फेकणारा, ६३ अंशांच्या आसपासचा कोन. मोजके सातच गिअर. आणि कायमची खाली बसवलेली सीट. वजन सर्रास १५ किलोंच्या वर. खडकांच्या उतारावर हे यंत्र अद्भुत चालते. सपाट जंगलवाटेवर मात्र त्याचे ओझे होते, कारण चढण्यासाठी लागणारे जवळजवळ सर्वच त्याने विचारपूर्वक टाकून दिलेले आहे.

मधली जागा भरून काढण्याचे प्रयत्न चालू होतेच. ‘फ्रीराइड’, ‘ऑल-माउंटन’ अशी नावे येत-जात राहिली. त्यांतली बरीच विक्रेत्यांच्या सोयीची होती. खरी अडचण यांत्रिक होती. पायडलावर जोर दिला की मागचे सस्पेन्शन झोपाळ्यासारखे हलायचे आणि पायांची ताकद स्प्रिंग दाबण्यातच खर्ची पडायची. हॉर्स्ट लाइटनरसारख्या अभियंत्यांनी मागच्या चाकाच्या बिजागऱ्यांची जागा बदलून तिच्यावर उपाय शोधले. मग २०१०च्या आसपास उरलेले तुकडे एकदम जुळून आले. हँडलवरची कळ दाबताच खाली-वर होणारी सीट सर्वत्र मिळू लागली (ब्रीझच्या स्प्रिंगचीच नात!), आणि २०१२ मध्ये स्रॅमने मागे अकरा दात्रीचाके व पुढे एकच, अशी रुंद पल्ल्याची रचना आणली. एकाच सायकलीवर चढ आणि उतार दोन्ही, हे पुन्हा शक्य झाले.

त्याची परीक्षा लगेच झाली. २०१३ मध्ये ‘एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज’ सुरू झाली. तिच्यात वेळ मोजली जाते ती उतारांची. पण त्या उतारांपर्यंत स्वाराला मुख्यतः स्वतःच, ठरलेल्या मुदतीत पोहोचावे लागते. महिलांमध्ये पहिली तीन वर्षे सलग विजेतेपद मिळवणारी ट्रेसी मोझली ही २०१० सालची डाउनहिलची जगज्जेती होती.

इथेच आजच्या ग्राहकाची फसगत होते. एन्ड्युरोचे यश पाहून तो १७० मिलीमीटरची सायकल घेतो आणि घरात दोन डाउनहिल सायकली होतात. त्यांतली एक थोडीशी चढते इतकेच. मोझलीसारख्यांना एकाच सायकलीवर सगळे भागवायचे होते. ज्याच्या घरी २०० मिलीमीटरची सायकल उभी आहे, त्याला ते भागवायचे नाही. त्याला हवी असते पहिलीने सोडून दिलेली गोष्ट. १२० ते १४० मिलीमीटरचे सस्पेन्शन, पायडलांच्या बऱ्यापैकी वर आणणारा सीटचा उभा कोन, हलके टायर, रुंद पल्ल्याचे गिअर. अशा सायकलीवर साधी वाटही जिवंत वाटते. १७०च्या सायकलीखाली तीच वाट सपाट आणि कंटाळवाणी होऊन जाते.

अपवाद आहे, आणि तो प्रामाणिक आहे. लिफ्ट वर्षातून थोडेच महिने चालत असेल, किंवा घराजवळचे उतार व्हँकुव्हरच्या नॉर्थ शोअरसारखे उभे आणि मुळांनी भरलेले असतील, तर १६० मिलीमीटरची सायकल योग्यच. मात्र मग डाउनहिल सायकल ठेवायची का, हा प्रश्न आधी सोडवावा.

सुटे भाग दोघींत वाटून घेता येतील, ही आशाही बहुधा व्यर्थ ठरते. डाउनहिल सायकलीचा मागचा हब साधारणपणे १५७ मिलीमीटर रुंद आणि पुढचा आस २० मिलीमीटर जाड असतो. आजच्या ट्रेल सायकलींत हेच आकडे बहुतेक १४८ आणि १५ असतात. चाके अदलाबदल होत नाहीत. जुळवून घ्यावे ते हँडलची रुंदी आणि ब्रेकच्या कळांची ठेवण, म्हणजे एका सायकलीवरून दुसरीवर बसताना हातांना नव्याने शिकावे लागत नाही. सीटची नळीही नीट पाहावी. ती मध्येच वाकलेली असेल तर लांब पल्ल्याचा सरकता खांब आत पुरेसा जात नाही, आणि कायम खाली असलेल्या सीटची सवय झालेल्या स्वाराला पहिल्याच उतारावर ते जाणवते.