इस्टेट नावाची गाडी

मराठीत 'इस्टेट' हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे मोटार येत नाही. जमीन येते, वाडा येतो, वाटणीपत्र येते आणि बहुधा त्यापाठोपाठ भाऊबंदकीही येते. निफाडकडची द्राक्षबाग, पंचवटीतले वडिलोपार्जित घर, लॉकरमधले दागिने ही आपली इस्टेट. शब्द इंग्रजीतून आला, पण तो इतका रुळला की परका वाटेनासा झाला. इंग्लंडमध्ये मात्र हाच शब्द विसाव्या शतकात एका विशिष्ट घडणीच्या मोटारीलाही लागला. तिचे छप्पर थेट मागच्या बंपरपर्यंत सरळ जाते, तिला वेगळी डिकी नसते आणि मागचे दार वर उचलून सामान आत सरकवता येते. या छोट्या इस्टेट गाडीचा महाराष्ट्रातला, त्यातही नाशिकच्या संदर्भातला इतिहास आम्हांला येथे पाहायचा आहे. वरवर पाहता तो अपयशाचा इतिहास आहे. पण ते अपयश गाडीचे की तिला मोजणाऱ्या मापाचे, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

आधी शब्दांकडे पाहू, कारण मोटारीचा आपल्याकडचा बराचसा इतिहास शब्दांतच साठलेला आहे. 'डिकी' हा शब्द घोडागाडीच्या मागच्या, बहुधा नोकरासाठी असलेल्या बैठकीवरून जुन्या मोटारींकडे आला. त्या मोटारींच्या पाठीमागे उघडमीट करता येणारी जास्तीची बैठक असे. इंग्लंडात ती बैठक गेली आणि शब्दही गेला. आपल्याकडे बैठक गेली, तिच्या जागी सामान आले आणि शब्द टिकला. 'स्टेपनी'चेही तसेच. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. मोटारींना जादा चाक मिळत नसे अशा काळात, १९०४ साली, तिथे या जादा चाकाच्या धंद्याला सुरुवात झाली. आज नाशिकच्या कुठल्याही पंक्चरवाल्याला हा शब्द कळतो, लंडनच्या मेकॅनिकला कळेलच असे नाही. 'स्टेशन वॅगन' हा शब्द अमेरिकेतला. रेल्वे स्टेशनवरून माणसे आणि त्यांचे सामान एकाच वेळी आणणारी गाडी ती स्टेशन वॅगन. इंग्रज जमीनदारांच्या इस्टेटीवर हेच काम करणारी ती इस्टेट कार. दोन्ही नावांत माणूस आणि ओझे यांचा एकत्र प्रवास गृहीत धरलेला आहे.

आपल्या मोटारसंस्कृतीला नेमके हेच गृहीतक मानवले नाही. आपल्याकडे मोटार ही माणसाची आणि ओझे टेम्पोचे, अशी वाटणी फार लवकर झाली. अॅम्बॅसॅडरची इस्टेट आवृत्ती निघाली होती, पण ती लोकांच्या नजरेत राहिली ती बहुतेक रुग्णवाहिका म्हणून. ज्यांच्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी होती त्यांनी सामानाचा प्रश्न टपावरचे कॅरियर लावून सोडवला. वळकटी, ट्रंका, लग्नाचे रुखवत, आंब्याच्या पेट्या हे सारे ताडपत्रीखाली दोरीने बांधून कसारा घाट चढत असे. घाटात इंजिन तापले की रेडिएटरला पाणी पाजण्यासाठी थांबणे हा त्या प्रवासाचाच भाग होता. माणसे आत, ओझे वर आणि दोघांच्या मध्ये पत्रा अशी ही व्यवस्था होती.

ही व्यवस्था मोडू पाहणारी पहिली ठळक देशी गाडी पुण्याहून आली. १९९२ साली टाटांनी 'टाटा इस्टेट' बाजारात आणली. ती टाटामोबिल या पिकअपच्या सांगाड्यावर बेतलेली, दोन लिटरच्या आसपासच्या डिझेल इंजिनाची, दिसायला भारदस्त होती. मराठी कानांना त्या नावातला श्लेष चुकणे अशक्य होते. अर्थात ती छोटी नव्हती आणि स्वस्तही नव्हती. नव्वदचे दशक संपताना आणि नवे शतक उजाडताना मात्र लहान इस्टेट गाड्यांची एक लाटच आली. मारुतीची बलेनो अल्टुरा, फियाटची सिएना वीकेंड, ओपेलची कोर्सा स्विंग आणि २००४ साली टाटांची इंडिगो मरीना. शेंद्र्याच्या कारखान्यामुळे महाराष्ट्राशी जोडल्या गेलेल्या स्कोडाची ऑक्टेव्हिया कॉम्बी याच कुळातली, पण वरच्या पायरीवरची. इतक्या कंपन्यांना एकाच सुमारास वाटले की भारतीय कुटुंबाला अशी गाडी हवी असेल. त्यांचा अंदाज चुकला. काही वर्षांतच यांतली जवळजवळ प्रत्येक गाडी दुकानांतून नाहीशी झाली.

ज्या थोड्या घरांनी अशा गाड्या सांभाळल्या, त्यांचा रोजचा व्यवहार कसा होता? इतिहासाची साधने इथे साधी आहेत : सर्व्हिसचे पुस्तक, डिझेलच्या नोंदींची वही, विम्याची कागदपत्रे आणि मालकासाठीची इंग्रजी पुस्तिका. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ही पुस्तिका एकदा संहिता म्हणून वाचून पाहावी. तिचा एक कल्पित वाचक असतो, आणि इस्टेट गाडीच्या पुस्तिकेतला वाचक हा ओझे वाहणारा माणूस असतो. पूर्ण भार असेल तर मागच्या चाकांत हवा किती जास्त भरायची, हे तिथे वेगळ्या रकान्यात दिलेले असते. मागे वजन आले की गाडीचे नाक वर होते आणि दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. तो झोत खाली आणण्यासाठी स्टिअरिंगच्या बाजूला एक छोटे चाक किंवा बटण असते. अनेक मालक ते वर्षानुवर्षे शून्यावरच ठेवतात, कारण पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहते.

अशा गाडीची निगाही थोडी निराळी. पाठ उभी असल्यामुळे धावताना मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि रस्त्यावरची धूळ ओढून काचेवर बसवतो. म्हणून मागचा वायपर आणि काचेवरचे दव घालवणाऱ्या तारा ही इथे चैन नसून गरज ठरते. मागचे दार उचलून धरणारे गॅसचे दांडे काही वर्षांनी दम सोडतात, मग दार डोक्यावर येऊ नये म्हणून घरात काठी ठेवली जाते. दाराच्या कडेचे रबर कडक झाले की पावसाळ्यात पाणी आत झिरपते आणि स्टेपनीच्या खळग्यात साचते. सामानाच्या वजनाने मागचे शॉकअब्सॉर्बर लवकर बसतात. वेगळी डिकी नसल्याने आतली हवेची जागा मोठी, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत एसीला गाडी गार करायला वेळ लागतो.

तंत्रज्ञानाचा बदलही याच काळात झाला. कार्ब्युरेटर आणि चोकच्या गाड्या मिस्त्री कानाने ऐकून दुरुस्त करी. इंजेक्शनची गाडी आली तसा संगणक आला, चिपवाली किल्ली आली आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा आला. त्या दिव्याचा अर्थ कानाने कळत नाही, त्याला स्कॅनर लागतो. कॅसेटच्या जागी सीडी आणि सीडीच्या जागी यूएसबी आली, तो बदल मालकाला सुखाचा वाटला. पण मिस्त्रीच्या ज्ञानाची किंमत उतरली, हे मात्र त्याला बिल आल्यावर कळले. नाशिकला या बदलाचा दोन्ही बाजूंनी अनुभव आहे. डिझेल इंजिनात इंधनाची फवारणी करणारे नोझल सातपूरच्या मायको कारखान्यात बनत आले. २००८ साली मायकोचे नाव बॉश झाले. जो भाग बिघडला म्हणून गॅरेजमध्ये खोळंबा होतो, तशा भागांची घडण याच शहरात होत होती.

आता मापाकडे वळू. २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'लहान मोटार' या संकल्पनेची व्याख्या झाली. लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत. या चौकटीत बसणाऱ्या गाडीचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. हेतू समजण्याजोगा होता. पण लांबी मोजायची तर बंपरपासून बंपरपर्यंत, आणि इस्टेटचे सारे मोल मागच्या हातभर जागेत असते. त्या जागेवरच आता कर बसला.

नाशिकच्या लोगानची कहाणी इथे फार बोलकी आहे. महिंद्र आणि रेनॉ यांच्या भागीदारीतून २००७ साली नाशिकमध्ये लोगान तयार होऊ लागली. काटकसर तिच्या अंगोपांगी होती, बाहेरचे डावे-उजवे आरसेदेखील एकाच साच्याचे. डिकी मात्र सुमारे ५१० लिटरची, एका कुटुंबाचे लग्नाचे सामान गिळणारी. तिचे डिझेल इंजिन १४६१ सीसीचे, म्हणजे मर्यादेच्या आत. लांबी मात्र सव्वाचार मीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम वीतभर जास्त. त्या वितीमुळे ती 'मोठी मोटार' ठरली. याच लोगानची इस्टेट बहीण २००६ पासून युरोपात विकली जात होती. तिची लांबी सुमारे साडेचार मीटर, सामानाची जागा ७०० लिटर आणि हवी असल्यास सात माणसांची सोय. कमी पैशांत मोठे कुटुंब आणि त्याचे ओझे वाहणारी ही गाडी नाशिकच्या रस्त्यांना शोभली असती, पण ती येथे कधीच आली नाही. २०१० साली रेनॉ भागीदारीतून बाहेर पडली, २०११ साली लोगानची 'व्हेरिटो' झाली आणि २०१३ साली 'व्हेरिटो व्हाइब' निघाली. तिची शेपटी कापून लांबी चार मीटरांच्या आत आणली होती. डिकी सुमारे ३३० लिटरवर आली. एकाच गाडीला एका खंडात शेपूट वाढवून विकले गेले आणि दुसऱ्या खंडात कापून.

हे एकटीचे नशीब नव्हते. २००८ साली इंडिगोची आखूड आवृत्ती आली, २०१२ साली मारुती डिझायर आखूड झाली आणि त्याच वर्षी झायलोला कापून क्वांटो तयार झाली. अखेर २०१६ साली, खेड्यापाड्यांत ओझे वाहण्यासाठीच ओळखली जाणारी बोलेरोसुद्धा एका आवृत्तीत चार मीटरांच्या आत ओढली गेली. कररचना बदलत गेली, वस्तू व सेवा कर आला, पण ४००० मिलिमीटरची रेघ पुसली गेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेघेच्या आतल्या लहान गाड्यांना १८ टक्के आणि बाहेरच्यांना ४० टक्के कर आहे.

कोणी म्हणेल की लोकांना इस्टेट नकोच होती. ती गाडी त्यांना रुग्णवाहिकेसारखी दिसत होती, सेडानची ऐट तिला नव्हती. यात तथ्य आहे. २००६ च्या आधीच मरीनाच्या बहिणी मागे पडू लागल्या होत्या. पण ओझे वाहण्याची गरज कुठे गेली नव्हती. वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला निघालेले सात जणांचे कुटुंब, लासलगावचा कांदा मुंबईच्या नातेवाइकांकडे पोचवणारा भाऊ, मुलीच्या वसतिगृहाचे गादी-टेबल नेणारे आईवडील या साऱ्यांनी ती गरज जीपने, बोलेरोने किंवा टपावरच्या कॅरियरने भागवली. आवड रुजायला वेळ लागतो, आणि लाज जायला त्याहून अधिक. तो वेळ मिळण्याआधीच मापाची कात्री चालली, एवढेच आमचे म्हणणे आहे.

उरलेल्या मरीना आणि वीकेंड आता वयात आल्या आहेत. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो, आणि एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५००० रुपयांवर गेले. एमएच-१५ क्रमांकाची अशी एखादी गाडी भंगारात जाते तेव्हा तिच्यासोबत डिझेलच्या नोंदींची वहीही रद्दीत जाते. मध्यमवर्गीय घराने काय वाहून नेले, कोणासाठी नेले आणि त्यासाठी किती खर्च केला, याचा तो बहुधा एकमेव लेखी पुरावा असतो. वाटणीपत्रे आपण जपून ठेवतो, म्हणून इस्टेटीचा इतिहास लिहिता येतो. या दुसऱ्या इस्टेटीचा लिहायचा, तर त्या वह्या रद्दीवाल्याच्या तराजूत पडण्याआधी कोणीतरी मागून घ्यायला हव्यात.