चाकणची वाट : घाट, बंदरे आणि परकीय संबंध

भारतासारख्या विस्तीर्ण देशाचे लोकजीवन व परराष्ट्रसंबंध भूगोलाने घडविले, असे म्हणताना हिमालय आणि महासागर यांचीच साक्ष काढण्याचा प्रघात आहे. परंतु परकीयांशी येणारा संबंध प्रत्यक्षात ठरतो तो बंदरापासून आतल्या बाजारापर्यंतच्या वाटेवर. ती वाट कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न पर्वताच्या उंचीइतकाच महत्त्वाचा होय. चाकणचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. त्याला डोंगराचा आधार नाही. त्याचे मोल वाटांमुळे होते. जुन्नर व अहमदनगरकडून पुण्याकडे आणि पुढे घाटांकडे जाणाऱ्या वाटा त्याच्या टप्प्यात येतात. त्याच्या पश्चिमेस मावळ. हा शब्द ‘मावळणे’ या क्रियापदाशी जोडला जातो. तसे असल्यास हे नाव देशावर उभे राहून सूर्यास्ताकडे पाहणाऱ्याने दिले असले पाहिजे. कोकणातील माणसाच्या लेखी हाच मुलूख ‘घाटावरचा’ ठरतो.

बहामनी सुलतानांना कोकणकिनारा केवळ महसुलासाठी नको होता. दक्षिणेतील घोडदळ अरबस्तान व इराणकडून समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांवर पुष्कळसे अवलंबून असे. दाभोळ-चौलसारख्या बंदरांतून घोडे उतरत, तसेच दरबारात मानाची पदे मिळविणारे परदेशी सरदारही उतरत. पंधराव्या शतकाच्या मध्यास कोकणच्या मोहिमेवर निघालेला खलफ हसन बसरी त्यांपैकीच एक. ‘मलिक-उत्-तुजार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा अधिपती, हा त्याचा किताब. व्यापार आणि लष्कर यांची सीमारेषा तेव्हा किती पुसट होती, हे या एका शब्दावरून कळते. त्याने चाकणला ठाणे केले. फिरिश्त्याच्या वृत्तान्तानुसार, खेळण्याच्या शंकररायावर चाल करण्याच्या मिषाने शिर्क्यांनी त्याला निबिड अरण्यात नेले आणि तेथे त्याचा सैन्यासह नाश झाला. जे वाचले ते चाकणला परतले. पण दख्खनी सरदारांनी सुलतानाचे कान भरले आणि त्या परदेशीयांची कत्तल झाली. घाटातील पराभवाने दरबारातील दख्खनी-परदेशी वैर असे रक्तरंजित केले. डोंगराने केवळ सैन्य अडविले, एवढाच अर्थ येथे काढणे अपुरे होईल.

1660 मध्ये हाच प्रसंग निराळ्या वेषात आला. फिरंगोजी नरसाळ्याने सुमारे दोन महिने झुंजविलेले चाकण शाइस्ताखानाने सुरुंगाने बुरूज उडवून घेतले, त्याला ‘इस्लामाबाद’ असे नावही दिले. ते नाव रुजले नाही. पुढच्याच वर्षी कोकणात उतरू पाहणारा कारतलबखान उंबरखिंडीत कोंडला गेला. दोन्ही वेळा देश हाती आला, उतार हाती आला नाही. आणि शिवाजी महाराजांना तो साधला, याचे कारण घाटाच्या दोन्ही टोकांना त्यांची माणसे होती.

पुढे बोरघाटातून 1830 मध्ये गाडीरस्ता व 1863 मध्ये लोहमार्ग झाला, तेव्हा अरण्य आणि खिंड यांचे ते जुने बळ ओसरले. पिंपरीस 1954 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांचे साहाय्य लाभले. 2009 मध्ये चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने सुरू झाले. त्यांतील मोटारी परदेशी रवाना होतात त्या घाट उतरून मुंबईच्या बंदरातून. खलफ हसनला जी वाट चाकणहून समुद्राकडे हवी होती, तिचे दार आता ना शिर्क्यांच्या हाती आहे, ना कोणा किल्लेदाराच्या. ते जहाजांच्या वेळापत्रकाशी आणि दूरदेशीच्या जकातीशी बांधलेले आहे.