झिल, जी आणि यान

गणपतीच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवणाऱ्या आम्हा मंडळींना 'झिल्जियन' म्हणजे न परवडणारा ब्रँड. कुणी जुनी राइड सिंबल (ड्रमसंचातली मोठी झांज) विकायला काढली की आधी शिक्का बघायचा, मग बेलवर, म्हणजे मधल्या उंचवट्यावर, स्टिक मारून आवाज ऐकायचा.

हा शिक्का म्हणजे खरं तर एका आर्मेनियन घराण्याचं आडनाव. त्यात 'झिल' म्हणजे तुर्कीत झांज, 'जी' हा धंदा सांगणारा प्रत्यय (आपल्या तोपची-मशालचीतला 'ची' तोच), आणि 'यान' तेवढं आर्मेनियन, घराणं सांगणारं. ऑटोमन राज्यातल्या कितीतरी आर्मेनियन कारागिरांची आडनावं अशीच जोडाची: देमिर्जियान लोहार, तेर्झियान शिंपी, बोयाजियान रंगारी, कुयुमजियान सोनार.

घराण्यात सांगतात ते असं. इस्तंबूलचा किमयागार अवेदिस सोनं करायला बसला आणि 1618च्या सुमारास हाती लागलं कांसं. सोन्याची गोष्ट खरी-खोटी देव जाणे, कांसं मात्र अव्वल. कथील पाचव्या हिश्शावर गेलं की कांसं ठोकताना तडकतं, याचं तडकेना. सुलतान दुसऱ्या उस्मानच्या लष्करी वाजंत्र्यांना पातळ, लांब घुमणाऱ्या झांजा मिळाल्या, अवेदिसला हे नाव. मिश्रणाची रीत पुढे वारसालाच सांगायची, असा घरचा दंडक.

1929मध्ये याच घराण्यातल्या दुसऱ्या एका अवेदिसनं अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये कारखाना काढला. इकडे तुर्कस्तानात 1934च्या आडनाव कायद्यामागोमाग नियम निघाला, की नव्या आडनावाला 'यान'सारखं शेपूट चालणार नाही. कित्येक आर्मेनियन घरांत धंद्याचा तुर्की शब्द राहिला आणि आपला म्हणावा तो तुकडा गळला. अमेरिकेत वेगळंच झालं: त्या कारखान्याच्या वारस भावांत वाद होऊन रॉबर्ट झिल्जियन बाहेर पडला. सिंबलवर स्वतःचंच आडनाव घालायची त्याला सोय उरली नाही. त्यानं सॅली, बिली आणि अँडी या मुलांच्या नावांची पहिली दोन-दोन इंग्रजी अक्षरं जुळवून 1981मध्ये कॅनडात 'सेबियन' काढली. ड्रमर लोक दोन्हींवरून अजून हमरीतुमरीवर येतात.

झिल्जियनांच्या इस्तंबूलमधल्या जुन्या कारखान्यात पोरवयापासून हातोडा चालवलेले दोघे, आर्मेनियन अगोप आणि तुर्क मेहमेत, यांनी तो बंद पडल्यावर भागीदारीत 'इस्तंबूल' नावानं सिंबल काढल्या. 1996मध्ये अगोप वारला, भागीदारी फुटली. आता 'इस्तंबूल अगोप' वेगळी, 'इस्तंबूल मेहमेत' वेगळी. आडनाव कुठल्याच शिक्क्यावर नाही. माझं मत विचाराल तर राइड अगोपची घ्यावी.