जुन्या मोटारीची ठिणगी

जुन्या मोटारीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविताना कोणते भाग निवडावेत, याचा उलगडा व्हायला अमेरिकेतील डेटन या गावापर्यंत मागे जावे लागते. तेथे चार्ल्स केटरिंग व त्याच्या सहकाऱ्यांनी 1909 साली डेल्को कंपनी स्थापिली आणि कॅडिलॅकच्या 1910 च्या मोटारींना आपली बॅटरीवरची ठिणगी पुरविली.

तत्त्व सोपे होते. कॉइलच्या जाड तारेतून वाहणारा प्रवाह नेमक्या क्षणी तोडायचा. तो तुटताच बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. तोडण्याचे काम धातूच्या दोन इवल्या टिकल्यांकडे असे. आपल्याकडचे मिस्त्री त्यांना 'सीबी पॉइंट' म्हणतात. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी काय किंवा उत्तरपाऱ्याची ॲम्बॅसडर काय, कित्येक वर्षे याच टिकल्यांवर धावल्या.

सारा प्रवाह त्या टिकल्यांतून जाई, आणि तो चार-पाच ॲंपिअरच्या फार वर गेला की त्या जळत. म्हणून 12 व्होल्टच्या कॉइलचा रोध सुमारे 3 ओम ठेवीत. किंवा दीड ओमची कॉइल घेऊन तिच्यामागे तितक्याच रोधाची तार जोडीत. इंजिन सुरू करताना बॅटरीचा दाब उतरतो, तेवढ्यापुरती ही तार वगळली जाई. युक्ती मोठी चतुर. पण पुढच्या पिढीला तीच चकवते.

क्रायस्लरने 1971 साली टिकल्यांऐवजी चुंबकीय संवेदक आणि ट्रान्झिस्टर आणले व 1973 च्या अमेरिकी मोटारींना ते सरसकट बसविले. पुढे जुन्या डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाखाली मावणारे संच निघाले. हौशी मालक संच बसवितो, रोधाची तार निरुपयोगी समजून काढतो आणि दीड ओमची कॉइल तशीच ठेवतो. मग 4 च्या जागी 8 ॲंपिअर वाहू शकतात. संच 3 ओमच्या कॉइलसाठी घडविलेला असेल, तर इंजिन बंद अन् चावी चालू, एवढ्यानेही तो तापून निकामी होतो.

तेव्हा आधी कॉइलच्या तारा सोडवून तिचा रोध मोजावा आणि मग संच घ्यावा. अनेक जुन्या ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, तेही पाहावे. प्लगच्या तारा साध्या तांब्याच्या नकोत, रोधयुक्त हव्यात. तांब्याच्या तारांनी मोटारीतला रेडिओ खरखरतो, हे श्रोत्यांना ठाऊक असेलच. नाजूक संचालाही ती खरखर मानवत नाही.

टिकल्या हळूहळू झिजत, आधी सूचना देत, आणि वाटेत कानस फिरवली की गावापर्यंत पोचवीत. संच मात्र पूर्वसूचनेवाचून थांबतो. म्हणून जाणते चालक जुने पॉइंट व कंडेन्सर फेकीत नाहीत. डिकीतल्या हत्यारांच्या पेटीत बांधून ठेवतात.