टर्बो सी सोडून व्हीएस कोडवर जाताय? लॅबमधला प्रोग्राम घरी का अडतो

निळा स्क्रीन, पिवळी अक्षरं, आणि डॉसबॉक्समध्ये माउस अडकला की कंट्रोल एफ१० दाबून तो सोडवायचा. कॉलेजच्या लॅबमध्ये सी किंवा सी++ शिकलेल्यांना हे लगेच ओळखू येईल. छत्रपती संभाजीनगरात इंजिनिअरिंग किंवा बीसीए करणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला प्रोग्राम अजूनही टर्बो सी++ मध्येच चालतो. मग घरी लॅपटॉप येतो, सिनिअर सांगतो "व्हीएस कोड टाक", आपण टाकतो. लॅबमध्ये व्यवस्थित चाललेला प्रोग्राम पेस्ट करतो, तर खाली एररची रांग!

पहिला विचार येतो की आपलंच काहीतरी चुकलं. दुसरा, की व्हीएस कोड अवघड आहे. दोन्ही खरं नाही.

एडिटर वेगळा, कंपायलर वेगळा

टर्बो सी++ मध्ये दोन गोष्टी एकाच डब्यात येतात. कोड लिहायची जागा म्हणजे एडिटर, आणि त्या कोडचं मशीनला कळेल असं रूपांतर करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. व्हीएस कोडमध्ये फक्त पहिली गोष्ट असते. तो कोड रंगीत दाखवतो, कंस जुळवतो, चुका अधोरेखित करतो. पण सीचा प्रोग्राम स्वतः चालवत नाही. त्यासाठी कंपायलर वेगळा टाकावा लागतो, बहुतेक वेळा जीसीसी.

म्हणजे तुम्ही बदलायला निघालात एडिटर, आणि नकळत कंपायलरही बदलून बसलात. बहुतेक एरर या दुसऱ्या बदलामुळे येतात.

गंमत म्हणजे टर्बो सी आणि जीसीसी या दोघांची पहिली आवृत्ती १९८७ची. बोरलँड कंपनीचा टर्बो सी मागे राहिला, जीसीसीची मोठी आवृत्ती आजही जवळपास दरवर्षी येते. लॅबमधला टर्बो सी++ ३.० हा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा, आणि सी++चं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं १९९८ मध्ये. भाषेचे नियम पक्के व्हायच्या आधीचा कंपायलर आपण वापरतोय. शिवाय तो १६ बिटचा आहे. आजचं ६४ बिट विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवतच नाही, म्हणून मध्ये डॉसबॉक्स घालावा लागतो.

जुन्या प्रोग्राममध्ये काय बदलायचं

सी++चा प्रोग्राम असेल तर सगळ्यात आधी 'आयओस्ट्रीम डॉट एच' वर गाडी अडते. फाइल सापडली नाही असा एरर येतो, कारण प्रमाण सी++ मध्ये या हेडरच्या नावात 'डॉट एच' नाही. ते काढा आणि खाली 'युझिंग नेमस्पेस एसटीडी' ही ओळ लिहा, नाहीतर पुढचा एरर सीआउट ओळखत नाही म्हणून येईल.

'व्हॉइड मेन' चालणार नाही. 'इंट मेन' करा आणि शेवटी शून्य रिटर्न करा. सीच्या फाइलमध्ये जीसीसी इथे फक्त वॉर्निंग देऊन सोडतो, सी++ मध्ये मात्र थेट एरर.

स्क्रीन साफ करणारं क्लिअर-स्क्रीन फंक्शन सरळ काढून टाका. ते बोरलँडचं स्वतःचं होतं, सी भाषेचा भाग कधीच नव्हतं. शेवटी लिहायची सवय लागलेलं 'गेट-सीएच'ही तसंच. आउटपुट दिसण्याआधी खिडकी बंद होऊ नये म्हणून ते टाकत होतो. व्हीएस कोडच्या टर्मिनलमध्ये आउटपुट तसंच राहतं, त्यामुळे गरज उरत नाही. विंडोजवर जीसीसीसोबत 'कॉनिओ डॉट एच' मिळतं, पण त्यातही स्क्रीन साफ करणारं ते फंक्शन नाही. लिनक्सवर तर हे हेडरच नाही.

'ग्राफिक्स डॉट एच' वापरून वर्तुळं, रेषा काढणारे प्रॅक्टिकल असतील तर ते टर्बोमध्येच करा. ते नव्या कंपायलरवर आणायच्या खटपटी करता येतात, पण एका सबमिशनसाठी एवढा वेळ घालवू नये असं माझं मत.

एररपेक्षा धोक्याचं: बदललेलं उत्तर

एरर निदान दिसतो तरी. काही प्रोग्राम दोन्हीकडे बिनतक्रार चालतात आणि उत्तर मात्र वेगळं देतात. फॅक्टोरियलचा प्रोग्राम घ्या, जो प्रत्येकाच्या जर्नलमध्ये असतोच. इंट व्हेरिएबल वापरून ७ चं फॅक्टोरियल काढलं तर दोन्हीकडे ५०४० येतं. आता ८ टाका. जीसीसी ४०३२० सांगतो. टर्बो सांगतो उणे २५२१६.

कारण टर्बोमध्ये इंटला २ बाइट मिळतात, म्हणजे उणे ३२७६८ ते ३२७६७ एवढीच जागा. ४०३२० त्यात मावत नाही. त्यातून ६५५३६ वजा होऊन उणे २५२१६ उरतं. आजच्या जीसीसीमध्ये इंट ४ बाइटचा असतो, त्यामुळे १२ पर्यंतचं फॅक्टोरियल बरोबर येतं आणि १३ ला तोही चुकतो.

व्हायव्हाला "इंटची साइज किती?" हा प्रश्न ठरलेला. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' ज्यांनी जुन्या आवृत्तीतून वाचलंय ते २ म्हणतात, घरी प्रोग्राम चालवून पाहिलेले ४ म्हणतात. पूर्ण उत्तर असं: ते कंपायलरवर अवलंबून आहे, टर्बोमध्ये २ आणि आजच्या जीसीसीमध्ये ४. साइजऑफ वापरून दोन्हीकडे स्वतः तपासा.

बोटांची सवय

टर्बोत एफ२ म्हणजे सेव्ह. व्हीएस कोडमध्ये एफ२ दाबलं की कर्सरखालच्या नावाचं नाव बदलायची चौकट उघडते. तिथे सेव्हसाठी कंट्रोल एस. टर्बोत आल्ट एफ९ ने कंपाइल आणि कंट्रोल एफ९ ने रन; व्हीएस कोडमध्ये नुसतं एफ९ दाबलं की ओळीच्या डावीकडे लाल ठिपका येतो. घाबरू नका, तो ब्रेकपॉइंट आहे, पुन्हा एफ९ दाबलं की जातो. रनसाठी कंट्रोल एफ५. आणि काहीच आठवत नसेल तेव्हा कंट्रोल शिफ्ट पी दाबून हवं ते इंग्रजीत टाइप करा, यादीत सापडतं. साधारण आठवडाभर हात चुकतो, मग बसतो.

एक फायदा मात्र पहिल्याच दिवशी मिळतो: कमेंट मराठीत लिहिता येते. टर्बो युनिकोडच्या आधीचा, त्याला देवनागरी माहीतच नाही. व्हीएस कोड फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवतो. मराठी आउटपुट छापताना मात्र टर्मिनलमध्ये मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटू शकतात, तो तुमच्या कोडचा दोष नाही.

व्हीएस कोडच हवा का?

नाही. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर तो जड वाटू शकतो, कारण तो इलेक्ट्रॉन या ब्राउझरसारख्या पायावर उभा आहे. (इलेक्ट्रॉन मुळात गिटहबच्या ॲटम एडिटरसाठी तयार झालं. ॲटम डिसेंबर २०२२ मध्ये बंद केला गेला, आणि त्याच पायावरचा व्हीएस कोड आज सगळीकडे आहे.) अशा मशीनवर सी, सी++ साठी कोड ब्लॉक्स घ्या. त्याच्या मिनजीडब्ल्यू असलेल्या इन्स्टॉलरमध्ये कंपायलर सोबत येतो, म्हणजे टर्बोसारखा एकच डबा. व्हीएस कोडच घ्यायचा असेल तर एमएसवायएस२ मधून जीसीसी टाका आणि त्याचा बिन फोल्डर विंडोजच्या पाथमध्ये जोडा. "जीसीसी ओळखत नाही" असा मेसेज आला तर दहापैकी नऊ वेळा ही पाथचीच पायरी राहिलेली असते.

नायलिटचा ओ लेव्हल करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. विद्यापीठाच्या परिसरात नायलिटचं केंद्र आहे म्हणून आपल्या शहरात हा कोर्स माहितीचा. त्याच्या २०२० पासूनच्या अभ्यासक्रमात सीच्या जागी पायथन आलं. त्यासाठी थॉनी पुरे, पायथन त्याच्यासोबतच येतं.

लॅपटॉपच नसेल तर? अँड्रॉइडवर टर्मक्स एफ-ड्रॉइडमधून घ्या आणि त्यात क्लँग हा कंपायलर टाका. छोटे प्रोग्राम फोनवर आरामात चालतात. लिहायला एकोड हा एडिटर बरा. गिटहब कोडस्पेसेस ब्राउझरमध्ये चालतं, वैयक्तिक खात्याला सगळ्यात लहान मशीनवर महिन्याला ६० तास मोफत मिळतात, पण फोनच्या स्क्रीनवर ते वापरणं म्हणजे डोळ्यांना त्रास.

एआय कोड सुचवतो ती सोय शिकताना सेटिंगमध्ये जाऊन बंद ठेवा. लेखी परीक्षेत कागदावर टॅब दाबता येत नाही.

प्रॅक्टिकल तोंडावर असेल तर

तर आत्ता बदलू नका. परीक्षेच्या मशीनवर टर्बो असेल तर शेवटचे पंधरा दिवस टर्बोवरच सराव करा. नवा एडिटर सुट्टीत टाका, आणि टर्बो लगेच अनइन्स्टॉल करू नका. दोन्ही एकाच लॅपटॉपवर सुखाने राहतात.

त्याआधी एक काम आजच करा. टर्बोसी३ फोल्डरमधला बिन फोल्डर उघडा. नाव न देता सेव्ह केलेले प्रोग्राम तिथे 'नोनेम००', 'नोनेम०१' अशा नावांनी पडलेले असतात. टर्बो अनइन्स्टॉल करताना किंवा तो फोल्डर उडवताना वर्षभराचं जर्नल अशा फाइल्ससोबतच जातं. ते सगळे वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, प्रत्येकाला ओळखता येईल असं नाव द्या आणि एक कॉपी ड्राइव्हवर टाकून ठेवा.